इंजिन कुणी जाळलं

इंजिन किथिंजीनं जाळलं, असं परवापरवापर्यंत केनियातल्या या इसिओलोत कोणीही सांगायचं. चपात्या लाटणारी सांगायची, बसच्या टपावर दूध चढवणारा हमाल सांगायचा, आणि स्टिअरिंग कुठल्या बाजूला असतं हे ज्याला ठाऊक नाही तोही छातीठोकपणे सांगायचा. किथिंजी म्हणजे मीच. तीन आठवडे हे ऐकलं, आणि तीन आठवड्यांत एकाही मालकानं माझ्या हातात चावी दिली नाही. जो भेटायचा तो म्हणायचा, "बघू, कळवतो." आयला, बावीस वर्षं या रस्त्यांवर हाडं खिळखिळी करून घेतली ती हे ऐकायला?

गाडी उंटिणीचं दूध विकणाऱ्या बायकांच्या गटाची. रोज सकाळी कुलामावेहून इसिओलोपर्यंत दगड, वाळू आणि कोरड्या नद्या. मागे पिवळे कॅन, कॅनवर पंधरा-वीस माणसं, माणसांच्या मांडीवर बकऱ्या. बाराच्या आत पोचलं नाही तर नैरोबीची बस सुटते आणि दूध आंबतं. तीन वर्षांपूर्वी ही गाडी घ्यायची ठरली तेव्हा गटाची अध्यक्ष कबालेमावशी मला म्हणाली होती, "चालवणार तू. कुठलं इंजिन घ्यायचं ते तूच सांग."

नैरोबीहून आलेला गाड्यांचा एजंट छोट्या टर्बो इंजिनाची रंगीत चित्रं पसरून बसला होता. पळायला जोरदार, डिझेल कमी. मी सरळ सांगितलं, "मावशी, आपण डिझेल ड्रममधून फडक्यानं गाळून भरतो. याचा एक सेन्सर रुसला तर नैरोबीहून कॉम्प्युटर घेऊन माणूस येईपर्यंत दुधाचं दही होईल. ते जुन्या धाटणीचं सहा सिलिंडरचं मोठं डिझेल घ्या. टर्बो नाही, वायरींचं जंजाळ नाही. हळू आहे, बोंबलतं फार, पण पाच लाख किलोमीटर इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उघडावं लागणार नाही."

बायकांनी माझ्या शब्दावर ते घेतलं. हेड उघडलं एक लाख चाळीस हजाराला. चिरलेलं होतं.

आता कुणी चिरलं ते ऐका. आमच्याकडे नवी गाडी आली की बोराना जमातीच्या बायका कॉफीचे दाणे लोण्यात तळतात, आशीर्वाद म्हणतात आणि ते लोणी बॉनेटला फासतात. ते झालं की गाडी जाते वाको वस्तादकडे. वस्ताद म्हणजे इसिओलोतला सगळ्यात मोठा मिस्त्री, मावशीचा सख्खा दीर. तो बॉनेट उघडतो, पाण्याच्या पाइपाखालून थर्मोस्टॅट काढतो आणि फेकून देतो. मुठीएवढी पितळी झडप. थंड देशातल्या लोकांसाठी बसवलेली, आपल्या उन्हात तिचं काय काम, इंजिनाला मोकळा श्वास घेऊ द्या, असं त्याचं शास्त्र. गावातल्या प्रत्येक गाडीची त्यानं अशी मुंज लावलेली आहे. नवी गाडी वस्तादकडे नेली नाही तर लोक विचारतात, गाडी चोरीची आहे का?

आमची गाडी नेली त्या दिवशी मी तोंड उघडलं होतं. म्हणालो, "वस्ताद, या इंजिनाचं राहू दे, यात ती लागते."

वस्तादनं पाना खाली ठेवला, माझ्याकडे खालून वर बघितलं आणि बायकांना म्हणाला, "मेरूच्या डोंगरातला आहे ना, तिकडे माणसं गोधडी पांघरून शेतात जातात. याच्या गावात लागत असेल."

बायका हसल्या. मावशी सगळ्यात मोठ्यानं हसली आणि म्हणाली, "काढ रे वाको, याला काय कळतंय." वस्तादनं काढली.

पुढची तीन वर्षं मी इंजिनाचा ताप दाखवणाऱ्या काट्याकडे बघत काढली. वाळूतून चढ आला की काटा वर. मग गाडीचं तोंड वाऱ्याकडे करायचं, बॉनेट उघडायचं, इंजिन चालू ठेवून उभं राहायचं, आणि कॅनवर बसलेल्यांच्या शिव्या खायच्या. मावशीचा फोन यायचा, "कुठे मेलास? बस लागलीय, दूध काय तू पिणार का?" मग बॉनेट आपटायचं आणि हाणायची. शेवटी एका मंगळवारी कोरड्या नदीच्या चढावर पांढरी वाफ आली, आणि माझी चावी त्याच संध्याकाळी गेली. वस्तादनं हेड बघितलं आणि निकाल दिला, "ड्रायव्हरनं तापवली." माझं रक्त असं उसळलं होतं, सांगतो, त्याचाच पाना उचलून त्याच्या टाळक्यात घालावासा वाटला.

तीन आठवड्यांनी, शुक्रवारी, गटाची बैठक होती. तोच एजंट तीच चित्रं घेऊन पुन्हा येणार होता. मी मेरूला जाऊन नवा थर्मोस्टॅट आणला आणि न बोलावता दूधकेंद्राच्या पत्र्याखाली जाऊन उभा राहिलो. बायका बसल्या होत्या, वस्ताद खुर्चीवर, एजंट त्याच्या बाजूला. शेगडीवर चहासाठी पाणी चढवलेलं.

"तुला कुणी बोलावलं?" मावशीनं विचारलं.

"कुणी नाही. पाणी उकळलं की जातो."

मी ती झडप सगळ्यांच्या हातांतून फिरवली. बंद होती, चकती घट्ट बसलेली. मग दोरा बांधून पातेल्यात सोडली. बायका पुढे सरकल्या. पाणी तापलं तशी चकती हळूहळू उचलली गेली आणि मधे बोटभर फट पडली. बाहेर काढून गार पाण्यात धरली तर पुन्हा बंद. मी दोनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा मावशीनं माझ्या हातातून दोरा घेतला आणि स्वतः करून बघितलं.

"आता ऐका," मी म्हणालो. "आपल्या इंजिनात पाण्याला दोन वाटा आहेत. एक आतल्याआत फिरायची, एक रेडिएटरला जाऊन गार व्हायची. इंजिन तापलं की ही झडप रेडिएटरची वाट उघडते आणि त्याच वेळी आतली बंद करते. ती काढली की आतली वाट कायमची उघडी. मग कितीतरी पाणी रेडिएटरला जातच नाही, गरमच्या गरम परत इंजिनात. तीन वर्षं माझं इंजिन तसं शिजत होतं. ते मी नाही जाळलं. ते वस्तादनं पहिल्याच दिवशी जाळलं, आणि तुम्ही सगळ्या हसत उभ्या होतात."

एजंटनं चित्रं गुंडाळून घेतली. वस्ताद म्हणाला, "तीस वर्षं काढतोय मी, कुणाची तक्रार नाही."

"तीस वर्षं गाड्या मरतायत आणि तू ड्रायव्हरांची नावं सांगतोयस," मी म्हणालो. "किती जणांच्या पोटावर पाय दिलास ते मोज एकदा."

वस्ताद उठून गेला. मावशीनं त्याला थांबवलं नाही. एवढं बघून माझ्या छातीतली तीन आठवड्यांची आग थोडी निवली, खोटं कशाला बोलू.

मावशीनं दोरा सोडवून झडप हातात घेतली. मग म्हणाली, "गाडी तू तापवली नाहीस. हे मी आज बाजारात उभी राहून सांगेन. 'काढ' म्हणाले ती मी, तेही सांगेन."

"मग चावी द्या."

"थांब. तुला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"होतं. बोललो होतो मी."

"एकदा बोललास. आम्ही हसलो. नंतर?"

मी शेगडीवरचं पातेलं उतरवलं.

"मी फोनवर ओरडायचे तेव्हा तू काय म्हणायचास? 'आलोच मावशी.' एक दिवस तरी म्हणालास का, की वस्तादनं चूक केलीय, गाडी मरतेय, ही झडप बसवा?"

"तुम्ही सगळ्या हसला होतात," मी म्हणालो. माझा आवाज चढला. "मला गोधडीवाला म्हणालात. वस्ताद तुमचा दीर. पुन्हा बोललो असतो तर नोकरी गेली असती."

"हो, कदाचित गेली असती," ती म्हणाली. "त्या एजंटचं इंजिन तापलं की दिवा लावतं, शिट्टी मारतं, स्वतःच हळू होतं. आम्ही ते घेतलं नाही. तू म्हणालास म्हणून ज्यात ओरडून सांगणारं काहीच नाही असं इंजिन घेतलं, आणि सांगायला तुला ठेवलं. आम्हाला इंजिनातलं काही कळत नव्हतं, किथिंजी. तुला कळत होतं."

तिनं कमरेच्या गाठीतून चावी काढली आणि शेजारी बसलेल्या तुमेच्या हातात दिली. तुमे तिची भाची, सहा महिन्यांपूर्वीच गाडी शिकलेली. मग झडप पुसून तीही तुमेला दिली आणि म्हणाली, "नव्या हेडबरोबर ही बसवून घे. वाकोकडे नाही, मेरूला जाऊन. आणि काटा वर गेला की मला फोन कर. मी ओरडले तर तूही ओरड."

मी तिथून निघालो तेव्हा रागानं माझे कान तापले होते. बाजारात पोचेपर्यंत वस्तादला शिव्या दिल्या, मावशीला दिल्या, त्या हसणाऱ्या बायकांना एकेकीला आठवून दिल्या. माझं नाव आता साफ आहे, लोक पुन्हा कामाला बोलावतायत. पण नव्या मालकानं काल विचारलं, "गाडीत काही खटकलं तर सांगशील ना?" आणि मला त्याला पटकन हो म्हणता आलं नाही.