कच्च्या दाण्यांचे डबे

माझ्या थोरल्या लेकीला पहिला दात आला, त्या वर्षीची ही गोष्ट. आमचं सुक्या मेव्याचं दुकान होतं. पुढे विक्री, मागे एक अंधारी खोली. तिथे शेंगदाणे, बदाम, अक्रोड भरून ठेवायचे. आदल्या वर्षी बेकरीवाल्याने आमचा दाणा दाताखाली धरला आणि गिऱ्हाइकांसमोर पायरीवर थुंकून टाकला. "खवट," एवढंच म्हणाला. सासऱ्यांच्या ते फार जिव्हारी लागलं. यंदाही माल खवट निघाला तर साठवण बंद करायची आणि मागची खोली शिंप्याला द्यायची, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मी म्हटलं, "मामंजी, निम्मे डबे माझ्यावर सोडा."

धाकटे दीर हसले. "घ्या! वहिनी आता दाण्यांना अंगाई म्हणणार."

"म्हणेन की. पण तुमच्यासारखं गरम गरम कोंडणार नाही, भाऊजी."

आमच्याकडची पद्धतच तशी होती. माल आला की लगेच भाजायचा, कढईतून थेट डब्यात ओतायचा आणि झाकण ठोकायचं. गरम असतानाच बंद केलं की ताजेपणा आत राहतो, असं सासऱ्यांचे वडीलही मानायचे. पण डबे पुसताना मी पाहिलं होतं, झाकणाच्या आतून थेंब लोंबायचे. गरम दाण्याला घाम सुटतो, आणि तो घाम त्याच डब्यात चार महिने मुरायचा.

मी माझा वाटा भाजलाच नाही. दाणे सालासकट कडकडीत वाळवले. बोटांत दाबल्यावर कट्ट करून दुभंगायला लागले, तेव्हा आत आणले आणि पसरून पार निवू दिले. सुरकुतलेला, बुरशीचा दाणा वेचून टाकला. डबे छोटे घेतले आणि काठोकाठ भरले, म्हणजे आत हवेला जागा नको, आणि एकदा उघडलेला डबा लवकर संपावा. झाकणाच्या कडेने मेण फिरवलं. अक्रोड कवचातच राहू दिले. खोलीतले कांदे, रॉकेलचा कॅन, साबणाची पेटी, सगळं बाहेर काढलं, कारण दाणा शेजारचा वास लगेच उचलतो. मला तेव्हा लिहिता येत नव्हतं. आधी भरलेल्या डब्यांवर खडूची एक रेघ, नंतरच्यांवर दोन.

"बघा," दीर सासूबाईंना म्हणाले, "पोरीचंसुद्धा एवढं कौतुक करत नाही ही!"

पावसाळा सरला आणि बेकरीवाला आला. दिरांनी ऐटीत आपला डबा उघडला. त्याने एक दाणा चावला, तोंड वाकडं केलं आणि या वेळी रुमालात थुंकला. "मागच्या वर्षीचाच उरलाय का हो?"

मी मेण खरवडून माझा डबा पुढे केला.

"कच्चा?"

"तुम्हाला भाजूनच घालायचाय ना? थांबा." मी तिथेच स्टोव्ह पेटवून मूठभर दाणे भाजले. वास दुकानभर पसरला. निवल्यावर त्याने एक खाल्ला. मग दुसरा. मग हातातली सगळी मूठ.

"कधीचा माल?"

"एका रेघेचा. चार महिने झाले."

"थापा नका मारू, ताई."

"मग दुसरा डबा उघडा. हवा तो."

त्याने मागच्या खोलीत जाऊन स्वतः तीन डबे उघडले, अक्रोडही फोडून पाहिले. बाहेर आला तो म्हणाला, "मेणाचे सगळे डबे माझे. पुढल्या वर्षीचेही दुसऱ्या कुणाला देऊ नका."

मला तर उडी मारावीशी वाटत होती. कशीबशी पदर सावरून उभी राहिले. दिरांनी कढईतले उरलेले दाणे तोंडात टाकले, चावत चावत मागे गेले आणि आपले डबे अंगणात उपडे करायला लागले. तिथूनच ओरडले, "वहिनी, मेण कुठे ठेवलंय?"

संध्याकाळी शिंपी खोलीचं विचारायला आला. सासरे गादीवरून न उठताच म्हणाले, "खोली रिकामी नाही. आमच्या सूनबाईंचं काम चालतं तिथे."