उतरंडीतली कोळीण

मी कागदावरली, जाळं विणणारी कोळीण बोलायलेय. दचकू नका, मला चावता येत न्हाई.

हैदराबादेत एका साहेबाच्या बुकासाठी चितारीनं मला रंगवलं. समोर बाटलीत मेलेली कोळीण होती. तिला पाय सातच; आठवा त्यानं पदरचा लावला. तवापासून माणसाच्या हातावर माझा भरवसा न्हाई.

पोलीस ॲक्शन झाली, साहेब निघून गेला, बुक रद्दीत गेलं. मानवतच्या दुकानदारानं माझ्यात गूळ बांधला आन् मी झरीला आले, पार्वतीबाईच्या घरी.

तिच्या उतरंडीतल्या मधल्या गाडग्यातला गूळ महिन्यापासून कमी व्हायलता. वहीम सगळा सुनेवर, मनकर्णावर.

"माहेरी गूळ बघितला न्हाई वाटतं," पार्वतीबाई म्हणायची. "शनिवारच्या मोटारीनं धाडते परत. ठिवून घ्या म्हणावं तुमची मुंगी."

मनकर्णा भाकरी थापता थापता डोळे पुसायची. नवरा खाली मान घालून जेवायचा. मला तर त्याचाबी संशय आला.

शेजारची झुंबरबाई रोज चुलीतला इस्तू मागायला यायची. म्हातारी लय खोडीची. मला चुलीत घालायच्या आत तिनं उचललं आन् विंचू गोंदलेल्या हातानं गुपचूप गुळावर पसरलं.

"रडू नको पोरी," मनकर्णाच्या कानात म्हणाली, "चोर सोताच वरडंल."

शुक्रवारी जावई आले, वैजीनाथराव. दुपारी समदे अंगणात. गाडग्यात उजेड पडला, पाच बोटं आत आली, आन् मग जी आरोळी उठली, सगळी उतरंड खाली. नुसती खापरं.

"काय झालं जावईबापू?"

"कोळी चावला."

आता जावयाला चोर कोण म्हणणार? पार्वतीबाईनं त्यांच्या बोटाला हळद लावली. कागद दोन्हीकडून बघितला.

"इख उतरायला गूळ द्या थोडा," झुंबरबाई म्हणाली.

शनिवारची मोटार गेली. मनकर्णा घरातच भाकरी थापायलती.

पण जावई आला शुक्रवारी आन् गूळ जायलता महिन्यापासून, हे कुणाच्या ध्यानात आलं न्हाई.

आता नवी उतरंड हाय. मला राखणीला गुळावरच ठेवलंय. चिकट झालेय. तो पदरचा पाय कसरीनं खाल्ला, म्हणजे आता कुठं मी खरी झाले.

रोज इस्तू मागायच्या टायमाला झाकण निघतं. हात येतो, खडा उचलतो, मला पुन्हा नीट पसरतो. मनगटावर विंचू असतो. त्यालाबी आमच्या जातीसारखेच आठ पाय. जातवालीची चुगली कशी करावी?

म्हणून मी गप हाय, तुमीबी गप ऱ्हावा. पण मनकर्णाकडं पुन्हा बोट गेलं, तर सांगून ठेवते, मी चावायला शिकीन.