शेवटच्या ओळीतलं नाव

कटंगीच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या हिरालाल गुरुजींचं दुखणं एकच. आपलं नाव जिल्ह्याच्या गावी, बालाघाटपर्यंत कोणी घेत नाही. शिकवलेली पोरं कारकून झाली, रस्त्यात नमस्कार करून निघून जात. जन्मभर खडू खाल्ला आणि हाती आला खोकला.

दिल्लीत कायदा झाला, ज्याचं लेखन त्याचा हक्क, असं त्यांनी पेपरात वाचलं आणि ते डोक्यातच घेतलं. वर्गात नेम सुरू झाला. कविता म्हणा नाही तर गोष्ट सांगा, आधी ती कोणाची ते बोला. कोणी विसरलं की छडी. "तुह्या बापानं लिवली का?" असं वर विचारणं. पोरं एकमेकांना कोडंसुद्धा नाव घेतल्याशिवाय घालेनात.

अशात शाळा तपासायला डिप्टी साहेब येणार असं कळलं. स्वागतगीत रचायला गुरुजी बसले, पण काव्य काही फुटेना. शेवटी त्यांना खैरलांजीचा महागू आठवला. हा महागू दंडारीत, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या खेळात, नाचायचा आणि स्वतः रचलेली गाणी म्हणायचा. त्याचं पाटलाच्या स्तुतीचं गाणं गुरुजींनी उचललं आणि पाटलाच्या जागी साहेब बसवला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! दंडारीच्या गाण्यात शेवटच्या ओळीला रचणाऱ्याचं नाव येतं. तिथं 'महागू म्हणे' होतं, त्याचं 'हिरालाल म्हणे' झालं. ते इतकं चपखल बसलं की ओळ आपलीच वाट पाहत होती, असं गुरुजींना वाटलं.

गोड गळ्याच्या साधनाला त्यांनी गाणं शिकवायला घेतलं.

"गुरुजी, हे तं महागूबाचं आहे. मामाच्या गावी आयकलं मी."

"शब्द बदलले ना मी."

"त्याले इचारलं का?"

"तू पाठ कर, पोरी."

तपासणीच्या दिवशी साहेब हार घालून बसले. गुरुजींचा सगळा जीव शेवटच्या ओळीत. साधनानं हात जोडले आणि नेमाप्रमाणे आधी सांगितलं, "हे गाणं खैरलांजीच्या महागूबाचं. थोडे शब्द आमच्या गुरुजीनं बदलले. महागूबाले इचारलं नाही." मग ती गायली, आणि शेवटी 'महागू म्हणे' असंच गायली.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं गुरुजींना झालं. पण साहेब टाळ्या वाजवत उठले. "वाह मास्टरजी, बच्चों को पहले कवि का नाम लेना किसने सिखाया?"

"मीच जी," गुरुजी पुटपुटले. लाज वाटत होती आणि आनंदही मावत नव्हता.

साहेबांनी खोदखोदून सगळं विचारलं. गुरुजी मनातल्या मनात बालाघाटला पोचले. पुढच्या रविवारी ते खैरलांजीला जाऊन महागूची परवानगीसुद्धा मागून आले. महागू हसला. "गाणं न्या गुरुजी, नाव तेवढं राहू द्या."

पावसाळा सरता सरता जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना परिपत्रक आलं. कविता म्हणण्याआधी कवीचं नाव सांगावं, ही अभिनव कल्पना डिप्टी साहेबांची आहे. गुरुजींनी कागद उलटा करून पाहिला. मागं कोरं होतं.

हुकूमच तो, वर्गात वाचणं भाग होतं. गुरुजी उभे राहिले आणि साधनानं हात वर केला.

"आधी कोनाचं ते सांगा, गुरुजी."

गुरुजींनी परिपत्रक वाचून दाखवलं. घसा खाकरून म्हणाले, "साहेबाचं."

साधना खाली बसेना. "साहेबानं तुमाले इचारलं का?"

"तू बस, पोरी," गुरुजी म्हणाले.