माहितीतले दोनच

खोक्याचा ओला तळ तिच्या हातातच सुटला. स्टुलावर उभी राहून ती एका हातानं फळी धरून होती आणि दुसऱ्या हातानं खोकं छातीशी ओढत होती. आतला माल सळसळत अंगावरून खाली आला. काही पुठ्ठे तिनं कोपरानं अडवले, एक हनुवटीखाली दाबून धरला. बाकीचे जमिनीवर पसरले, पत्त्यांचा डाव उधळावा तसे.

खरं तर ती मामांचा चष्मा न्यायला आली होती. तो काउंटरच्या खणात लगेच सापडलाही. पण दुकानाला कुलूप लावता लावता मागच्या खोलीतून टपटप ऐकू आली. छताजवळचा पाइप गळत होता. खेळण्यांचं दुकान म्हणजे सगळा पुठ्ठ्याचा कारभार, पाणी लागलं की संपलंच. तिनं पर्स खाली ठेवली, नळ मुळातून बंद केला आणि वरच्या फळीवरची खोकी एकेक करून उतरवायला घेतली. हे शेवटचं होतं.

उतरून तिनं पायाशी पडलेला पहिला पुठ्ठा उचलला, रुमालानं टिपला आणि उलटा केला.

पाणबुड्या होता. बोटभर उंचीचा, पिवळं शिरस्त्राण, हातात काडीएवढा भाला. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या फुग्यात, कारखान्यातून निघाला तसाच बंद. पुठ्ठ्याला वर टांगण्यासाठी असलेलं भोकसुद्धा अजून फोडलेलं नव्हतं.

दुसरा उचलला. पाणबुड्याच. तिसराही.

ती तिथेच फरशीवर बसली. दोन्ही हातांची बोटं संपल्यावर तिनं मोजणं सोडून दिलं.

असाच एक तिच्या घरी होता, काचेच्या कपाटात, ऊन लागणार नाही अशा बाजूला. माहितीतले दोनच, असं तिनं सुरुवातीला सगळ्यांना सांगितलं होतं. एक तिच्याकडे आणि एक परदेशात कुणाकडे तरी. कारण मामांनी तिला तसं सांगितलं होतं.

ती दातांची डॉक्टर. दवाखान्यात येणाऱ्या मुलांसाठी चार खेळणी घ्यावीत म्हणून ती या दुकानात पहिल्यांदा आली आणि मागच्या खोलीतल्या धुळकट बाहुल्यांपाशी अडकली ती कायमची. मामांनी तिला हा नाद लावला, नादातलं शिक्षणही दिलं. फुगा जुना झाला की पिवळा कसा होतो, उघडून पुन्हा चिकटवलेला असेल तर कडेला डिंक कसा चमकतो, नकली छपाईचे ठिपके भिंगाखाली कसे फुटतात. "दात बघतेस ना तू? तसंच बघायचं," ते म्हणायचे. साऱ्या पेठेचे ते मामा, पण भाचीबाई म्हणायचे ते फक्त तिलाच. तिचे वडील गेले तेव्हा मामा दुकान बंद ठेवून दिवसभर तिच्या घरी बसून राहिले होते. बोलले काहीच नव्हते. तेवढं बसणं तिला पुरलं होतं.

पाणबुड्या दाखवला तेव्हा त्यांनी गोष्टही सांगितली. भाला मुलांच्या डोळ्यांत जाईल म्हणून कारखान्यानं तो बाजारातून मागे घेतला, आणि मग गोदामाला आग लागली. सांगताना त्यांचा आवाज बसला होता. दवाखान्यात नवी खुर्ची घ्यायची म्हणून तिनं बाजूला ठेवलेले पैसे त्या पुठ्ठ्यात गेले. जुनी खुर्ची अजून कुरकुरत होती, आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं.

पुढे तिनं संग्राहकांच्या मासिकात पाणबुड्यावर लेख लिहिला. भाव चढला. मग एका जुन्या घरात तिसरा 'सापडला', वर्षभरानं चौथा; तो तिच्यासारखाच नाद असलेल्या एका फोटोग्राफरनी घेतला. दोन्ही मामांच्याच हातून विकले गेले, दोन्ही वेळा लोकांनी तिला बोलावलं, आणि तिनं भिंग लावून, कडा न कडा पाहून निर्वाळा दिला. अस्सल. त्यात खोटं काहीच नव्हतं. येत्या रविवारी पाचवा विकला जायचा होता, बँकेतल्या एका साहेबांना, पहिल्याच्या कितीतरी पट भावानं.

तिनं कोरडं खोकं शोधलं. एकेक पुठ्ठा टिपून, फुगा दबणार नाही असा, पाठीला पाठ लावून आत रचला. हात सवयीनं चालत होते. हे सगळं असंच ओल्यात टाकून निघून जावं, असं वाटलं तेव्हा शेवटचा पुठ्ठा ठेवून झाला होता.

मामा घरी खाटेवर पडून होते. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. तिनं चष्मा त्यांच्या हातात दिला.

"वेळ लागला," ते म्हणाले.

"मागच्या खोलीत पाइप गळतोय. वरच्या फळीवर पाणी आलं होतं."

मामा उठायला गेले, कळ आली, पुन्हा आडवे झाले.

"भिजले का?"

"काय भिजले का?"

ते चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसायला लागले.

"खोकं भिजलं," ती म्हणाली. "पुठ्ठे कोरडे आहेत. दुसऱ्या खोक्यात ठेवून आले."

"हं."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मामांनी चष्मा लावला, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा काढला.

"कारखाना बुडाला तेव्हा मालकाकडे माझे पैसे अडकले होते. त्यानं पैशांऐवजी माल घातला गळ्यात. कुत्रं विचारत नव्हतं तेव्हा. वर्षानुवर्षं पडून होता."

"आग लागली म्हणालात."

"लागली होती की. शेजारच्या गोदामाला."

तिला हसू येईल की काय असं वाटलं. तिनं ओठ घट्ट मिटले.

"तुला मी नकली काही दिलं का?" मामांचा सूर आता दुकानातला झाला. "तुझ्याकडचा अस्सल आहे. आणि भाव चढला तो तुझ्याकडच्याचाही चढलाच ना? तुझं नुकसान काय झालं ते सांग."

"मी लोकांना सांगितलं, मामा. दोनच आहेत म्हणून. लेखात लिहिलं."

"मग? मी सांगून कोणी ऐकलं असतं? दुकानदार स्वतःच्याच मालाचे गोडवे गाणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुझं तसं नाही. तुझ्या शब्दावर लोक दात काढून देतात."

ते हे कौतुकानं बोलत होते. तेच तिला सहन झालं नाही. ती उठली, स्टुलावरच्या तांब्यात पाणी आहे का पाहिलं, नव्हतं, तो भरून आणला आणि जागेवर ठेवला.

"फोटोग्राफरनी त्यांची चांगली लेन्स विकली," ती म्हणाली. "चौथा घ्यायला. माझ्या शब्दावर."

मामांनी भिंतीकडे मान वळवली.

"रविवारी येशील ना?" शेवटी त्यांनी विचारलं. "साहेब तू बघितल्याशिवाय घेणार नाहीत."

फोटोग्राफरचा स्टुडिओ दुसऱ्या मजल्यावर होता. जिना चढताना ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. भरवशाच्या म्हशीला टोणगा, असं आई म्हणायची. निदान तेवढं म्हणून सुरुवात करावी. मग सरळ सांगावं, माझी चूक झाली, मी विचारायला हवं होतं, तुमचे पैसे मामांकडून परत मिळवून द्यायची जबाबदारी माझी. मामा नाही म्हणाले तर स्वतःकडचा पाणबुड्या विकून देईन, असंही तिनं ठरवलं आणि पुढच्याच पायरीवर तिला कळलं, की तो विकायचा म्हणजे पुन्हा कुणाला तरी मोजकेच आहेत म्हणून सांगायचं.

फोटोग्राफर एका लग्नाच्या अल्बमची पानं चिकटवत बसले होते. मधल्या वयाचे, मऊ बोलणारे. या नादातल्या माणसांपैकी ज्यांच्याशी तिचं खरंखुरं जमायचं ते हेच. त्यांनी खुर्ची पुढे केली. तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं. पाइप, खोकं, मोजता मोजता सोडलेली मोजणी.

ते ऐकत राहिले. पानाचा कोपरा चिकटला नव्हता, तो त्यांनी अंगठ्यानं दाबून धरला होता. तिचं बोलून झालं तरी अंगठा तिथेच होता.

"बसा, डॉक्टर," ते म्हणाले.

ती बसली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर धक्का नव्हता. ती वाट पाहत होती तो येण्याची.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"फोटो मीच काढलेत ना. विक्रीसाठी लागतात म्हणून. सगळ्यांचे एकाच दिवशी काढले, म्हणजे उजेड सारखा येतो." ते थांबले. "मला एक त्यांनी तसाच दिला. फोटोंच्या बदल्यात."

"आणि लेन्स?"

"लेन्स विकली, ते खरं आहे. जुनी झाली होती."

तिनं खुर्चीची पाठ धरली. खालच्या रस्त्यावर कुठेतरी शटर ओढल्याचा आवाज आला.

"मला का नाही सांगितलंत?"

फोटोग्राफर ओशाळले. हे त्यांना खरंच अवघड जात होतं, ते दिसत होतं, आणि त्यामुळे ते जास्तच वाईट होतं.

"कसं सांगणार? तुम्हाला खोटं बोलता येत नाही, डॉक्टर. सगळ्यांना माहीत आहे ते. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही बोलून मोकळ्या झाला असता. मामाच म्हणाले, तिला यात ओढायचं नाही. तिला आपलं नादात राहू दे."

"सगळ्यांना म्हणजे कोणाकोणाला?"

त्यांनी अल्बम मिटला, पुन्हा उघडला.

"जाऊ द्या," ते हळूच म्हणाले. "आपलेच दात, आपलेच ओठ."

ही म्हण ती रोज दवाखान्यात गमतीनं वापरायची, ओठ चावून आलेल्या पेशंटांना. आता तिनं मान हलवली आणि जिना उतरून आली. जुळवलेली वाक्यं अजून डोक्यात तशीच होती. सांत्वनाची होती ती सगळी.

रविवारी ती गेली नाही. दवाखाना उघडा ठेवला. एका शिंप्याची दाढ किडली होती, त्याला तिनं मुद्दाम त्याच दिवशी बोलावून घेतलं होतं. सुई देऊन झाली, हिरडी बधिर व्हायची वाट पाहत असताना फोन वाजला. हातात मोजे होते, म्हणून मदतनीस बाईंनी तो तिच्या कानाशी धरला, पण साहेबांचा आवाज इतका खणखणीत होता की खोलीभर ऐकू येत होता.

"डॉक्टर, मी मामांच्या घरी आहे. तुम्ही नाही आलात. माल तर उत्तम दिसतोय. तुम्ही फक्त हो म्हणा, मी घेऊन टाकतो."

"अस्सल आहे तो," ती म्हणाली.

"झालं तर मग."

"पण दुर्मिळ नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत खोकंभर आहेत. मी माझ्या हातांनी रचलेत."

पलीकडे मागून मामांचा खोकला ऐकू आला, मग दार ओढून घेतल्याचा आवाज. साहेब बोलले तेव्हा आवाज एकदम खाली आला होता.

"हे तुम्ही आणखी कुणाला सांगितलंय?"

त्या प्रश्नात राग नव्हता. हिशेब होता.

"माझ्यासमोर एक पेशंट बसलेत," ती म्हणाली. "त्यांनी आत्ता ऐकलं. ते शिंपी आहेत, त्यांच्याकडे दिवसाला पन्नास माणसं येतात."

तिनं मान बाजूला केली. बाईंनी फोन बंद करून टेबलावर ठेवला आणि काही न विचारता कापसाचे बोळे काढून दिले.

शिंपी खुर्चीत टेकून छताकडे पाहत होता. त्याचा अर्धा ओठ जड झाला होता, शब्द घरंगळत होते.

"मामा म्हणजे तुमचे सख्खे का, डॉक्टर?"

तिनं दिवा खाली ओढला. आरशाच्या दांडीनं त्याच्या हिरडीवर हलकेच दाबून पाहिलं, दुखतंय का विचारलं, तो नाही म्हणाला. तरी ती थोडा वेळ तशीच थांबली.

"नाही," ती म्हणाली. "आ करा."