वळच्या तांबड्या मुंग्या

"त्या घरट्यांच्या फांद्या आधी उतरव, मग कुऱ्हाड घाल," फखरुद्दीन खालून म्हणाला.

आंब्यावर चढलेला पंढरीनाथ वैतागला. "शेट, चावून चावून आंग फोडलं यांनी. कंची पायजेल ती लवकर दाखवा."

वळ गावची ही जमीन पंढरीनाथने गोदामासाठी विकली होती. आंबा जाणार, आणि त्याच्याबरोबर पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्याही. कॉलेजात असताना याच मुंग्यांवर पुढे शिकायचं फखरुद्दीनने ठरवलं होतं. अब्बा गेले आणि भिवंडीच्या निजामपुऱ्यातले कापडाचे लूम गळ्यात पडले. तरी दर शुक्रवारी, लूम बंद असले की, तो या झाडाखाली येऊन बसायचा.

निवडताना मात्र त्याच्यातला कापडवाला जागा झाला. घट्ट, एकसारख्या शिवणीची दोन घरटी त्याने घरी न्यायला पसंत केली.

"शेंड्याला एक हाय जुनाट. काढू?"

"नको ते. शिवण बघ कशी आहे."

घरामागच्या जांभळावर फांद्या बांधल्या. मुंग्या कामाला लागल्या तसा तो खुलला.

"इथून पार ऑस्ट्रेलियापर्यंत हिचं राज्य," तो बायकोला सांगू लागला. "तिथली हिरवी, आपली तांबडी. जात एकच, इकोफिला स्मॅराग्डिना."

"तिनं एवढी दुनिया बघितली, आणि तुम्ही भिवंडीतच," रुकय्या हसली. "बरं, धागा कुठून आणतात?"

"पिल्लांच्या तोंडातून. पिल्लू दातात धरून पानांच्या कडांवर फिरवायचं, आपल्या लूमवर धागा नेणाऱ्या धोट्यासारखं."

पावसाळा सरला तशा मुंग्या विरळ झाल्या. एक घरटं उकलून पाहिलं, तर आत एकही पिल्लू नाही. तेव्हा त्याला उमगलं. वसाहतीची घरटी पुष्कळ, पण अंडी घालणारी राणी एकच. ती शेंड्यावरच्या त्या जुनाट घरट्यातच राहिली होती. विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी शिकवतात ते तो विसरला होता. अभ्यास सुटला तो कायमचाच, हे त्याला आज पटलं, आणि फार वाईट वाटलं.

"दिघाशी गावात मिळतील की दुसऱ्या," रुकय्या म्हणाली.

"मिळतील," तो म्हणाला, पण उठला नाही.

दुसऱ्या दिवशी वाऱ्याने उरलेल्या घरट्याची शिवण उसवली. मुंग्यांनी एकमेकींच्या कमरा धरून साखळी केली, पानाच्या कडा ओढून जवळ आणल्या आणि धरून ठेवल्या. दुपारी तो जेवायला आला तेव्हाही त्या तशाच होत्या. धागा घेऊन कुणी येणार नव्हतं.

फखरुद्दीनने हात वर केला आणि दोन्ही कडा चिमटीत धरल्या. मुंग्या बोटांना कडकडून चावल्या. आतून रुकय्याने जेवायला हाक मारली, पण त्याने चिमटी सोडली नाही.