पडेल उमेदवाराची कवळी

आत्ता बोलतेय ती मी. आवाज ओळखीचा वाटला असेल, कारण मी ज्या तोंडात असायची त्यातूनच तुम्ही 'बंधू-भगिनींनो, जरा पुढे सरका' हे कितीदा तरी ऐकलं असेल. पण ते शब्द त्याचे होते. मी फक्त बाहेर पडताना त्यांना वळण लावत होते. मी वरची कवळी. दर विधानसभेला उभ्या राहणाऱ्या आणि दर विधानसभेला पडणाऱ्या एका उमेदवाराची.

तुमच्यात पुढाऱ्याला अहोजाहो करायची पद्धत आहे. माझी अडचण समजून घ्या. ज्याच्या टाळूला मी दिवसभर चिकटून बसायची, ज्याचा प्रत्येक ढेकर जगाच्या आधी माझ्यावर येऊन आदळायचा, त्याला 'ते' म्हणायला माझी जीभ वळत नाही. जीभ तशी त्याचीच. पण असो.

माझा जन्म दातांच्या दवाखान्यामागच्या एका खोलीत झाला. आधी मी मेणाची होते, मग प्लॅस्टरच्या साच्यात गेले आणि बाहेर आले ती गुलाबी हिरड्यांसकट. माझ्या जन्माआधी डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं होतं, "दात कसे हवेत?"

"लोकांचा विश्वास बसेल असे," तो म्हणाला.

बाईंनी रंगांच्या नमुन्यांची पट्टी त्याच्या ओठांशी धरली आणि म्हणाल्या, "मग जरा पिवळसरच घेऊ. फार शुभ्र बसवले तर लोकांना वाटेल, तुम्ही सत्तेत आहात."

त्याचे स्वतःचे वरचे दात कुठे गेले? भाषणात तो सांगायचा की आंदोलनात गेले. ऐकणारे हळहळायचे. खरं म्हणजे हिरड्या सडल्या होत्या. मी त्याच जागेवर बसत होते, मला नको सांगायला. आंदोलन झालं होतं हे खोटं नाही, पण त्यात त्याची फक्त छत्री मोडली होती.

तो बसमध्ये कंडक्टर होता. निवृत्त झाला तरी कंडक्टर अंगातून गेला नाही. सभेला तीन माणसं असली तरी म्हणायचा, "पुढे सरका, मागच्यांना जागा द्या." त्याचा पक्ष फार जुना आणि फार लहान. सगळा पक्ष एका बाकावर मावायचा आणि अध्यक्षांना मांडी घालून बसायचं असेल तरीही मावायचा. हे अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे शिंपी, दोन्ही कानांनी कमी ऐकणारे, त्यामुळे पक्षात मतभेद कधी झाले नाहीत. डाव्यांना हा पक्ष उजवा वाटायचा, उजव्यांना डावा वाटायचा आणि बाकीच्यांना तो आहे असंच वाटायचं नाही.

पक्षाच्या जाहीरनाम्यात पूर्वी साऱ्या जगाचं भलं करायचं ठरलं होतं. याने ते सगळं काढून टाकलं आणि एकच मागणी ठेवली. बाजारात बायकांसाठी मुतारी.

आमचा बाजार म्हणजे पत्र्याच्या छपराखालच्या लांबच लांब ओळी. भाजी, भांडी, चपला, कापड. विकणाऱ्या निम्म्याहून जास्त बायका, सकाळी बसायच्या त्या दिवे लागल्यावर उठायच्या. आणि एवढ्या बाजारात सोय कसलीच नाही. पुरुषांनी मागची भिंत धरली होती. बायकांनी काय धरावं याचा विचार कुणी केला नव्हता. त्यांनी धरून ठेवावं, एवढीच अपेक्षा होती.

याच बाजारात त्याच्या बायकोचा गाळा. बटणं, दोरे, चेन, इलॅस्टिक. सगळे तिला बटणवाली म्हणायचे. ती सकाळी अर्धा कप चहा घ्यायची आणि त्यावर संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही. माझ्या जन्माच्या बरंच आधी एकदा ती गाळ्यातच कोसळली. मूत्रपिंडाला सूज होती. डॉक्टर तिच्यावरच चिडले, "पाणी का पीत नाही?" ती म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं. कुठे जाऊ ते सांगा." डॉक्टरांनी नुसतं औषध लिहून दिलं. हा खाकी गणवेशातच तिच्या खाटेशी बसला होता. त्याच वर्षी तो निवृत्त झाला आणि निवडणुकीत पहिल्यांदा उभा राहिला.

आणि पहिल्यांदा पडला. मग पडतच राहिला. बाजारात त्याचं नावच पडेलकाका पडलं. "काय पडेलकाका, यंदा?" असं कुणी विचारलं की तो मला पूर्ण दाखवून हसायचा आणि म्हणायचा, "यंदा जरा कमी पडेन."

प्रचारात मी खूप माणसं पाहिली. दार उघडून बाहेर येणारा माणूस आधी पत्रक घ्यावं की नाही ते ठरवतो आणि मग चेहरा कसा करायचा ते ठरवतो. बायको आतून विचारते, "कोण आहे?" आणि तो सांगतो, "कुणी नाही." हे 'कुणी नाही' समोर उभं असतं, नवीन कवळी घालून. पण सगळ्यात गंमत यायची ती मागणी ऐकल्यावर. 'मुतारी' म्हटलं की सभ्य माणसं जणू त्यांच्या दिवाणखान्यातच कुणी बसलंय अशी दचकायची. अध्यक्षांनी त्याला सांगून पाहिलं, "स्वच्छतागृह म्हणा." त्याने प्रयत्न केला. पण 'स्वच्छता' म्हणताना माझं एक टोक उचललं जायचं आणि 'गृह'पर्यंत पोचेतो मी जिभेवर यायची. 'मुतारी'ला मी घट्ट बसायची. लोकांना वाटलं, माणूस तत्त्वाचा पक्का. प्रश्न बसवण्याचा होता.

बटणवाली त्याच्या एकाही सभेला यायची नाही. "गाळा कोण बघणार?" म्हणायची. ती मत तरी त्यालाच देत होती का, हे त्याने एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "मतदान गुप्त असतं. तुम्हीच भाषणात सांगता ना?"

मग ती निवडणूक आली. आमदारसाहेब बरीच वर्षं निवडून येत होते, पण या वेळी त्यांची हवा गेली होती. समोरचा माणूस तगडा होता. अशा वेळी थोडक्या मतांनाही भाव येतो. माघारीची मुदत संपली आणि दुसऱ्याच दिवशी आमदारसाहेब स्वतः आमच्या दोन खोल्यांत आले. खुर्ची एकच होती, ती त्यांना दिली. हा पलंगावर बसला. बटणवाली दाराशी उभी.

"काका, किती वर्षं असे दातांच्या कण्या करणार?" आमदार म्हणाले.

मला राग आला, पण बोलणार कशी? तो मला दाबून बसला होता.

"नाव मतपत्रिकेवर राहू दे," आमदार पुढे म्हणाले. "फक्त परवाच्या सभेत स्टेजवर या आणि मला पाठिंबा जाहीर करा. निवडून आलो की पहिलं काम तुमचं. बायकांसाठी चांगली, फरशी बसवलेली. झालं?"

ते गेल्यावर त्याने खुर्ची पुन्हा भिंतीशी लावली. टाळू कोरडी पडलेली मला कळत होती.

"काय करू?" त्याने विचारलं.

"मला काय विचारता?"

"कोणाला विचारू मग? तुझ्यासाठीच उभा राहतो ना मी."

बटणवालीने हातातलं काम खाली ठेवलं. "माझ्यासाठी? मला सांगा, तुम्हाला मुतारी हवीय की उमेदवारी हवीय?"

मला वाटतं, हा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत कुणीच विचारला नव्हता, त्याने स्वतःसुद्धा नाही. तो जेवायला बसला आणि एकच घास इतका वेळ चावत राहिला की मी झिजतेय की काय असं मला वाटलं.

"जाईन स्टेजवर," तो म्हणाला. "एवढी वर्षं पडून जे झालं नाही, ते एकदा वाकून होत असेल तर वाकतो."

सभेच्या दिवशी दुपारी तिने गाळ्याचं शटर ओढलं आणि त्याच्याबरोबर निघाली. सभेला येण्याची तिची ती पहिलीच वेळ.

मैदान भरलेलं होतं. त्याने आयुष्यात एवढी माणसं पुढे सरकलेली पाहिली नव्हती. बटणवाली बाजारच्या बायकांबरोबर पुढेच बसली. आमदारसाहेब बोलायला उभे राहिले. त्यांनी रस्त्यांबद्दल सांगितलं, पुलाबद्दल सांगितलं, तरुणांच्या भविष्याबद्दल तर फारच सांगितलं. मग म्हणाले, "आमचे वडीलधारे काका आज मोठ्या मनाने आपल्यासोबत आलेत." टाळ्या पडल्या. हा वाट पाहत राहिला. पुढे काहीच आलं नाही.

तो खुर्चीवरून उठून आमदारांच्या जवळ गेला आणि हळूच म्हणाला, "आणि मुतारीचं?"

आमदारांनी माईकवर हात ठेवला. चेहऱ्यावर हसू तसंच. "काका, तो शब्द इथे नको हो. समोर बायका बसल्यात."

मी त्याच्या तोंडात होते, म्हणून सांगते. त्याचा जबडा असा काही आवळला गेला की खालचे उरलेसुरले दात माझ्यावर करकरले. मग आमदारांनी माईक त्याच्याकडे सरकवला, 'बोला' म्हणून. त्याने श्वास घेतला, तोंड उघडलं आणि मी पडले.

हिरड्या आक्रसल्या होत्या आणि मी ढिली झाले होते. बटणवाली महिनाभर सांगत होती की डॉक्टरीणबाईंकडे जाऊन या. प्रचार चालू होता, तो गेला नाही. एवढंच कारण. मी आधी माईकवर आपटले, त्याचा आवाज मैदानभर घुमला, मग टेबलावरून घसरत खाली गेले आणि आमदारसाहेबांच्या बुटाशी जाऊन थांबले. मग मैदान जे हसलं, ते काही थांबेना. स्टेजवरचेही हसले. कुणी मला उचललं नाही. दुसऱ्याचं ताट उचलायला लोक तयार होतात, दात उचलायला कुणी होत नाही.

तो माझ्याशिवाय बोलू लागला. लोक अजूनच हसले, कारण त्याचं बोलणं म्हणजे नुसती हवा. 'फ' आणि 'भ' यांचंच भाषण. पण तो थांबला नाही. पुन्हा पुन्हा तेच काहीतरी म्हणत राहिला.

तेवढ्यात बटणवाली स्टेजच्या पायऱ्या चढून वर आली. तिने खाली वाकून आमदारांच्या बुटाजवळून मला उचललं, रुमालाने पुसलं आणि मुठीत धरलं. मग नवऱ्याच्या तोंडाशी कान नेला आणि माईक स्वतःकडे ओढला.

"हे म्हणतायत की पाठिंबा नाही," ती म्हणाली.

हसणं जरा ओसरलं. तो पुन्हा काही पुटपुटला.

"हे म्हणतायत, समोर बायका बसल्यात म्हणूनच तो शब्द बोलायचा. मुतारी." तिने मैदानाकडे पाहिलं. "मुतारी म्हणायची लाज वाटते म्हणतात. आम्ही सकाळपासून रात्रीपर्यंत पाणी पीत नाही, त्याची कुणाला वाटत नाही. भांडीवाली मागच्या महिन्यात दवाखान्यात होती. चपलावालीची सून सातव्या महिन्यात गाळा सोडून घरी बसली. पोट होतं म्हणून नव्हे, जायला जागा नव्हती म्हणून."

तो दोन शब्द बोलायचा आणि ती त्याचा अर्थ बराच वेळ सांगायची. थोड्या वेळाने तो बोलायचाही थांबला, तरी अर्थ चालूच होता. मी मुठीत होते, बोटांच्या फटीतून दिसेल तेवढंच मला दिसत होतं. पण तिच्या हाताला घाम नव्हता, हे मी सांगू शकते. त्याच्या ओठांवर प्रत्येक भाषणात फुटायचा. पुढे बसलेल्या बाजारच्या बायका उठून उभ्या राहिल्या तेव्हा कुणीतरी माईकची वायर काढली. तरी तिचा आवाज ऐकू येत होता. बाजारात गिऱ्हाईक बोलावून तयार झालेला गळा तो, त्याला वायर लागत नव्हती.

निकाल लागला. तो पडला. पण त्याच्या मतांचा आकडा ऐकून अध्यक्षांनी, ऐकू आलं असूनही, तो पुन्हा विचारला. आमदारसाहेब कसेबसे वाचले. इतके कसेबसे की त्यांना घाम फुटला आणि घाम फुटलेला माणूस कामाला लागतो. वर्ष संपायच्या आत बाजाराच्या टोकाला मुतारी उभी राहिली. फरशी, नळ, आरसासुद्धा. उद्घाटनाला फीत कापली गेली, दगडावर आमदारांचं नाव कोरलं गेलं. आम्हाला बोलावणं नव्हतं. आम्ही रस्त्याच्या पलीकडे उभं राहून पाहिलं. तो दात विचकून हसत होता, म्हणजे मलाच विचकत होता, आणि त्याचे डोळे ओले होते. असं दोन्ही एकदम करणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता.

त्या पडण्यात मला तडा गेला होता. कारागिराने सांधलं, पण मी पूर्वीसारखी बसेना. आता त्याच्या तोंडात नवी कवळी आहे. शुभ्र आहे, त्याला शोभत नाही. मी घरातल्या बटणांच्या खणात एका स्टीलच्या डबीत असते. शेजार चांगला आहे. बटणं फार बोलत नाहीत आणि गळून पडण्याचा अनुभव त्यांनाही आहे.

परवा संध्याकाळी बटणवाली गाळा बंद करून घरी आली. खण उघडाच होता, म्हणून मी ऐकलं.

"जाऊन आलीस?" त्याने विचारलं. तो हे रोज विचारतो आणि तिने 'हो' म्हटलं की रोज तेवढाच खूश होतो.

"आले. आतून कडी लागत नाही. एकीला बाहेर दार धरून उभं राहावं लागतं."

तो लगेच उठला. चप्पल शोधायला लागला. "अध्यक्षांना सांगून येतो. पुढच्या वेळी कडीवर लढू."

"सांगून या," ती म्हणाली. "पण या वेळी अर्ज मी भरणार."

तो एका पायात चप्पल घालून तसाच उभा राहिला. "तू? आणि मी काय करू?"

"गाळा बघा. आणि पाणी भरपूर पीत जा."

तर मंडळी, माझं काम संपलं. मला डबीत पडून राहायला काही वाटत नाही. तुमच्याकडे मागणं एवढंच की थोड्या दिवसांनी तुमच्या दारावर एक बाई येईल. आतून कुणी विचारलं तर 'कुणी नाही' म्हणू नका. आणि तिच्याशी बोलताना जरा जपून, तिचे सगळे दात स्वतःचे आहेत.