विशेष जलवाहिनी विभाग

सकाळपासून तिसऱ्यांदा तिनं टाइपरायटर उचलला. आधी टेबलावरून कपाटावर, मग कपाटावरून पलंगाखाली आणि आता पलंगाखालून पुन्हा टेबलावर. यंत्र चांगलंच जड होतं, खोकून खोकून छाती दुखत होती. पण हात रिकामे राहिले की तिला घटकाभरही बसवत नव्हतं. दादाला जाऊन सहा दिवस झाले होते आणि तेवढ्यात तिनं घरातली एकही वस्तू जागेवर राहू दिली नव्हती.

बाहेर निळ्या फाटकाची कडी वाजली. फिटर आला होता, दादाचा जुना सोबती. त्याच्या हातात दादाची लोखंडी सळई होती.

"ताई, ही बाजारातून आणली. एका दुकानदारानं जपून ठेवली होती."

"ठेवा तिथे. नको, तिथे नको. द्या इकडे."

सळई घेऊन ती स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि तशीच परत आली.

पाणीखात्यात दादासारखा कान दुसऱ्या कुणाला नव्हता. सळईचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि पुरुषभर खोल नळ नेमका कुठे गळतोय तिथे खडूनं फुली मारायची. फुलीवर खणलं आणि कोरडं निघालं, असं वीस वर्षांत झालं नाही. मग एक दिवस त्याला नळात माणसं ऐकू येऊ लागली. ती तिथेच राहतात, म्हणाला, त्यांची कुणीतरी दाद घ्यायला हवी. वरिष्ठांनी आधी चेष्टा केली, मग घरी बसवलं. डॉक्टर म्हणाले, त्याच्याशी वाद घालू नका आणि त्याच्या हो ला हो पण म्हणू नका. तिनं तिसरंच केलं. तिनं चक्क एक खातं उघडलं.

'विशेष जलवाहिनी विभाग' म्हणजे ती, शाळेच्या कचेरीनं मोडीत काढलेला हा टाइपरायटर आणि फिटर. दादा गल्लीतल्या आपल्या खोलीत रोज अहवाल लिहून फिटरकडे द्यायचा, फिटर तो तिला आणून द्यायचा आणि विभागाचं उत्तर घेऊन जायचा. अहवाल मिळाला, नोंद घेतली, कर्मचाऱ्यानं गोळ्या वेळेवर घ्याव्यात. डॉक्टरांना दाद न देणारा दादा विभागाचं मुकाट्यानं ऐकायचा. चार वर्षं हे बिनबोभाट चाललं. नवरा म्हणायचा, "आधी एकच वेडा होता, आता तिघं झालात."

दादा गेला त्या आठवड्यात तिला ताप होता. अहवालांचा अगदी वीट आला होता. दिवसभर गुंतून राहील असं काहीतरी लांबचं काम त्याला द्यावं म्हणून तिनं सकाळी लवकर उठून टाइप केलं: बाजारातली मुख्य लाइन तपासावी. दुसऱ्या दिवशी तो भर उन्हात तिथे गेला आणि सळई कानाला लावलेली असतानाच कोसळला.

"मी पाठवलं त्याला," ती फिटरला म्हणाली. हे ती आजवर कुणाजवळच बोलली नव्हती. "सांगा ना, माझ्यामुळेच गेला ना तो?"

शर्टाच्या खिशातून फिटरनं घडी घातलेला कागद काढला.

"आदल्या संध्याकाळी दिला होता दादांनी. सकाळी तुम्हाला देणार होतो, तर ते तसं झालं. मग धीरच होईना."

"वाचलात?"

"छे. तुम्हा दोघांचं टपाल मी कधी वाचलंय?"

ती उभ्याउभ्याच वाचू लागली. तेच गोल अक्षर, पट्टीनं आखलेले तेच रकाने.

'ठिकाण: निळ्या फाटकाचं घर. वेळ: सकाळी सहा.
आवाज: टाइपरायटर. मध्येमध्ये बाईचा खोकला. दोन्ही नळातून नाहीत, खिडकीतून येतात.
शिफारस: विभागातल्या बाईंना आठ दिवस रजा द्यावी. तोवर उत्तर आलं नाही तरी चालेल, गोळ्या चुकवणार नाही.
टीप: बाजारातल्या लाइनीत कुणी राहत नाही, मला माहीत आहे. तरी उद्या जाऊन येतो. बाईंनी तापात बसून लिहिलंय.'

तिनं कागद पुन्हा वाचला. मग ती टेबलापाशी बसली. तिला रडू फुटलं आणि त्या रडण्यातच दादाचा भयंकर राग आला.

"लबाड," ती म्हणाली. "मला बोलला असता तर काय बिघडलं असतं?"

फिटर चुळबुळत उभा राहिला. तिनं पदरानं नाक पुसलं, कोरा कागद यंत्रात चढवला आणि दोन ओळी बडवल्या.

अहवाल मिळाला.
रजा मंजूर.

कागद ओढून तिनं फिटरपुढे धरला. त्यानं सवयीनं घडी घातली, खिशात ठेवली आणि चपला घातल्या. फाटकापाशी जाऊन मात्र तो थांबला. उजवीकडे त्याचं घर होतं, डावीकडे दादाची बंद खोली. ती खिडकीतून बघत होती. त्यानं एकदा खिसा चाचपला आणि तो डावीकडे वळला.